वाचक विचारतात : उतरत्या हंगामातला बर्फ, ट्राउट आणि गिरमिट

वडोदऱ्यातल्या अनेक घरांतली मुलं कॅनडात आहेत, त्यामुळे गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीचे प्रश्नही आता आमच्याकडे येतात. या अंकात त्यांतले चार घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा कॅलगरीला असतो. मार्चअखेरीस मित्रांबरोबर तळ्यावर ट्राउट पकडायला जाणार आहे. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट कोणतं घ्यावं : हाताचं, ड्रिलवर चालणारं की पेट्रोलचं? सहा इंची की आठ इंची?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आधी मापाचं बघू. तळ्यांत सोडलेला रेनबो ट्राउट बहुधा हातभराच्या आतला असतो आणि सहा इंची भोकातून सहज वर येतो. लेक ट्राउट मात्र चांगला मोठा होतो. स्प्रे लेक्ससारख्या जलाशयावर त्याच्यासाठी जायचं असेल तर आठ इंची घ्यावं. फरक दोनच इंचांचा वाटतो, पण दोन फूट जाड बर्फात सहा इंची भोक पाडताना सुमारे ११ लिटर बर्फ कापावा लागतो आणि आठ इंचीला पावणेवीस लिटर. हाताने फिरवणाऱ्याला तिसऱ्या भोकालाच हा फरक कळतो. दहा इंची भोकात तर माणसाचा पाय जातो. ट्राउटसाठी त्याची गरज नाही.

आता चालवायचं कशावर? हाताचं गिरमिट हलकं, स्वस्त आणि बिनआवाजाचं. दिवसाला चार-पाच भोकं पाडायची असतील तर तेवढं पुरतं. पण ट्राउट एका जागी थांबत नाही, त्याच्यामागे दहा-पंधरा भोकं पाडावी लागतात. म्हणून आमचा कौल ड्रिलवरच्या सहा इंची गिरमिटाला. ड्रिल ब्रशलेस, १८ व्होल्टचं, १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे गिरमिट धरणारा ड्रिलचा जबडा) आणि निदान ८० न्यूटन-मीटर टॉर्कचं हवं. बाजूचा दांडा लावल्याशिवाय ते चालवायचं नाही, कारण पातं अडकलं की ड्रिल उलटं फिरतं आणि मनगट पिरगळतं. गिअर १ वर, हॅमर बंद. चकच्या खाली भोकापेक्षा रुंद चकती बसवायची. चक सैल झाला तर गिरमिट सरळ तळाला जातं, चकती असली तर भोकाच्या तोंडावरच अडतं. पेट्रोलचं यंत्र मीटरभर बर्फ आणि दिवसाला पन्नास भोकं अशा कामासाठी ठीक. एरवी त्याचं ओझंच जास्त.

हंगामाच्या शेवटी खरा प्रश्न पात्यांचा असतो. सपाट, वस्तऱ्यासारखी पाती कोरड्या नव्या बर्फात लोण्यासारखी उतरतात. पण मार्चचा बर्फ दिवसा विरघळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. त्यात वाळू असते, पाणी असते, जुनी बुजलेली भोकं असतात. अशा जुन्या भोकात सपाट पातं एका बाजूने धरतं आणि झटका देतं. दातेरी पाती तिथे बर्फ फोडत जातात, अडकत नाहीत. त्यांची एक खोड आहे : भोकाची खालची कड खडबडीत राहते आणि मासा ऐन तोंडाशी येऊन वळला की दोरी तिथेच कापली जाते. म्हणून भोकातला कीस काढायच्या झाऱ्याच्या पाठीने ती कड आतून घासून घ्यावी.

भोक पाडताना वरून दाबू नये. गिरमिट सरळ उभं धरावं, त्याचं वजन पुरतं. अर्ध्यावर थांबून गप्पा मारायच्या नाहीत. ओला कीस दोन मिनिटांत गोठतो आणि गिरमिट आत जखडतं. आरपार गेलं की फिरतं ठेवूनच वर काढावं, म्हणजे कीस आणि पाणी एकदम बाहेर येतं.

प्रश्न : मुलाचा मित्र म्हणतो, बर्फ दोन फूट आहे, गाडीसुद्धा चालेल. मला भीती वाटते. किती जाडीला भरवसा ठेवावा?
— एक वाचिका, कारेलीबाग

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. नेहमी सांगितला जाणारा आकडा असा : नवा, पारदर्शक बर्फ १० सेंटिमीटर असेल तर माणूस चालू शकतो. पांढरा, दुधाळ बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट जाडी हवी. पण हे आकडे थंडीतल्या घट्ट बर्फाचे आहेत. मार्च-एप्रिलच्या उन्हात बर्फ वरून पातळ होतो तसाच आतूनही पोखरतो. त्याचे स्फटिक उभे असतात, ऊन त्यांच्या सांध्यांत शिरतं आणि सांधे सुटतात. मग दोन फुटांचा थर म्हणजे उदबत्त्यांचा पुडा : जाडी तीच, पण काडीला काडी धरून नाही. गिरमिटाने भोक पाडून मोजलं तर पट्टी दोन फूटच दाखवते, म्हणून मोजमापावर विसंबू नये.

तपासायचं ते पहारीने. छिनीसारखी धार असलेली लांब पहार घेऊन प्रत्येक पावलाआधी पुढे जोरात घाव घालायचा. घट्ट बर्फ टणकन वाजतो आणि चकत्यांनी उडतो. आवाज बद्द आला, उभ्या काड्या सुटल्या किंवा एक-दोन घावांत पाणी दिसलं, तर आलेल्या वाटेनेच मागे फिरायचं. गाडी या दिवसांत किनाऱ्यावरच ठेवावी.

काठ सर्वांत आधी सुटतो, कारण काळी जमीन ऊन शोषते. सकाळी सहा वाजता ज्या काठावरून आत गेलो, तो दुपारी दोनला राहिलेला नसतो. जलविद्युत जलाशयात खालचं पाणी उतरतं आणि काठाचा बर्फ अधांतरी लोंबतो. काही ट्राउट तळ्यांत मासे गुदमरू नयेत म्हणून हिवाळाभर हवा सोडतात. तिथे उघडं पाणी आणि भोवती पातळ बर्फ असतो. कुंपण दिसलं की लांब राहायचं. भोकातून वरचं पाणी भोवरा करून खाली जाऊ लागलं आणि भोक डोळ्यांदेखत रुंदावलं, की सामान आवरायचं.

मुलाला जीवरक्षक जाकीट, गळ्यात अडकवायचे दोन टोकदार खिळे आणि १५ मीटर दोर घ्यायला सांगा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचं गणित त्याला पाठ असू दे : पडल्यावर १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. आलो त्या दिशेला तोंड करायचं, पाय झाडायचे, खिळे रोवून आडवं वर सरकायचं आणि लोळत दूर जायचं. उभं राहायचं नाही. पैसे बेताचे असतील तर आधी हे सामान आणि पहार. गिरमिट नंतर.

प्रश्न : माझं मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप आहे. पुतण्याने बोथट पाती पाठवली आहेत. धार लावून, सोबत ड्रिलची बॅटरी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर परत पाठवता येतील का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : सपाट, सरळ धारेच्या पात्याला पाण्याच्या दगडावर धार लागते, मूळ कोन मात्र हलता कामा नये. ग्राइंडरवर धरलं तर धार निळी पडते, पोलादाचा कडकपणा जातो आणि पहिल्याच भोकाला ती वळते. धारेमागची टाच जराही उंच राहिली तर ती बर्फावर टेकते आणि पातं चावतच नाही, नुसतं घसरतं. वस्तऱ्यासारखी धार असूनही गिरमिट का चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं. वक्र किंवा दातेरी पात्यांच्या वाटेला जाऊ नका, त्याच कंपनीची नवी जोडी घ्यावी.

पाती विमानात चेक-इन सामानात, धारेवर टोपी घालून. सुटी लिथियम बॅटरी उलट हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-तासांपर्यंत चालते, १८ व्होल्ट ५ अँपिअर-तासांची ९० होते. पुतण्याला एवढं कळवा : ती बॅटरी तळ्यावर आतल्या खिशात ठेवायची आणि गारठलेली असताना चार्जिंगला लावायची नाही. पात्यावरचा बर्फ झटकायला गिरमिट आपटायचं नाही, पात्यांची बैठक वाकते. घरी आल्यावर पुसून तेलाचा हात.

प्रश्न : आम्ही दोघं मार्चमध्ये लेकीकडे अल्बर्टाला जातोय. ट्राउट किती खोल असतो? आम्हाला परवाना लागेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : रेनबो ट्राउट या दिवसांत वर असतो, बर्फाखाली एक ते तीन मीटरवर. वितळलेलं पाणी ओढ्यांतून आत येतं, सोबत खाणं आणि प्राणवायू आणतं, आणि मासा त्या तोंडाकडे सरकतो. नेमका तिथलाच बर्फ सर्वांत पातळ, म्हणून तोंडापासून अंतर राखून दीड ते चार मीटर पाण्यावर भोकं पाडावीत. दोरी ४ ते ६ पौंड ताण सोसणारी, जिग (वजन लावलेला गळ) १ ते २ ग्रॅमचा. उथळ पाण्यात भोकावर थोडा कीस पसरावा, उजेडाचा झोत पडला की मासा बुजतो. रीळ सैल ठेवा. लेक ट्राउट खोल, दहा ते वीस मीटरवर शोधावा.

गळ टाकणार असाल तर परवाना लागतो. ६५ वर्षांवरच्यांची सवलत तिथल्या रहिवाशांना आहे, पाहुण्यांना नाही. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायचं झालं तर नवा काढावा. त्या तळ्याचे नियम आधी वाचावेत : कुठे आमिषाला बंदी, कुठे हंगामच बंद. जिवंत मासा आमिष म्हणून कुठेच चालत नाही. बुल ट्राउट लागला तर तो सोडावाच लागतो. त्याच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका नसतो. ओळख पटत नसेल तर पाण्याबाहेर न काढता, भोकातच गळ सोडवून जाऊ द्यावा.