गोष्ट अर्धीच राहते, काय करू?

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची आहे, नोकरी करते. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यांच्या ड्युटीच्या शेवटच्या दिवसावर कथा लिहितेय. सहा महिने झाले, १८०० शब्दांवर अडकलीये. रोज फाइल उघडते, पहिलं पान परत दुरुस्त करते आणि झोपते. याआधीच्या तीन कथा पण अशाच पडून आहेत. घरी कोणाला दाखवायची लाज वाटते. कोणाच्या मदतीने पूर्ण होईल का, आणि झाली तर पाठवायची कुठे?

उत्तर : तुम्ही पाठवलेली पानं दोनदा वाचली. कथा चांगली आहे हो, मनापासून सांगते. पण तिचा खरा जीव पाचव्या पानावर दडून बसलाय, हिशोबात अकरा रुपये कमी येतात तिथे. तीस वर्षांत कधी कमी पडले नाहीत आणि आज पडले, ही कथा आहे! त्याआधीचं गाव, पाऊस, आईने दिलेला डबा हे सगळं छान लिहिलंय पण त्यात वाचक वाट बघत बसतो. अकरा रुपये परतीच्या फेरीत सुरुवातीलाच कमी दिसू देत, म्हणजे पुढचा प्रत्येक थांबा त्या माणसाला जड जाईल. सांगाडा वेगळा शोधायची गरजच नाही, गाडीचा रूटच तुमचा सांगाडा आहे. एका कागदावर थांब्यांची नावं लिहा, प्रत्येकासमोर एकच ओळ, इथे काय होतं, आणि ज्या थांब्यावर काहीच होत नाही तिथे गाडी थांबवू नका. शेवट डेपोच्या कॅश काउंटरवर. तो आधी लिहा, येत्या शनिवारी, कच्चा झाला तरी चालेल. आणि तोपर्यंत पहिलं पान उघडायचंच नाही, ते मात्र कडक पाळा.

आता मदतीचं. मला वाटतं तुमची अडचण लिहिण्याची कमी आणि ऐकणारं कोणी नाही याची जास्त आहे. दोन माणसं ठरवा, एक वाचनाची आवड असलेली मैत्रीण आणि दुसरा एसटीत काम केलेला कोणीतरी, बाबांचे जुने सोबती असले तर उत्तमच, वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, कसा भरतात ते चुकलं तर तेच पकडतील. कथा संपायच्या आधीच त्यांना तारीख देऊन टाका, अमुक रविवारी सकाळी वाचून दाखवणार म्हणून. कोणीतरी चहा ठेवून वाट बघतंय म्हटलं की शेवट सुचतो, मी हे बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. मोठ्याने वाचा. नंतर "कशी वाटली" विचारू नका, लोक छानच म्हणतात, त्याऐवजी कुठे कंटाळा आला आणि कुठे कळलं नाही एवढंच विचारा आणि ते उत्तर देतील तेव्हा वाद न घालता लिहून घ्या.

लाज वाटते म्हणालात. आपल्याकडे 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा परत लिहायला लावायचे, आणि पुढे नावाजलेल्या लेखकांनीही त्या सूचनांवर काम केलंय. कच्चा खर्डा दाखवणं ही आपली जुनी रीत आहे, त्यात कमीपणा कसला?

पाठवायला दिवाळी अंक बघा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवीन कथालेखकाला हे दार आहे. फक्त दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू असतं, म्हणून जूनपर्यंत कथा तयार ठेवा. युनिकोडमध्ये टाइप करा, शेवटी नाव, पत्ता, फोन. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा, आणि त्याआधी फेसबुकवर टाकू नका, कारण बऱ्याच संपादकांना अप्रकाशित कथाच हवी असते. दोन-तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एक साधा मेल करा, मग दुसरीकडे.

शनिवारी शेवट लिहून झाला की तेवढाच मला पाठवा, पहिलं पान नको.