लुपसवर कार-टी सेल थेरपीने खरंच बरं होतं का? बहिणीसाठी विचारतोय

तुम्ही लिहिलंय बहीण 24 वर्षांची आहे, लुपस (आपलीच इम्युनिटी आपल्याच अंगावर उठते तो आजार) किडनीवर आलाय, सहा वर्षं स्टेरॉइड चालू आहे आणि व्हॉट्सअपवर आलं की कार-टीने तो कायमचा जातो. मला स्वतःला लुपस होऊन 11 वर्षं झाली. ही बातमी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बातमी खोटी नाहीये. जर्मनीत एर्लांगेनला डॉ. गेऑर्ग शेट यांच्या टीमने 2021 मध्ये 20 वर्षांच्या एका मुलीला ही ट्रीटमेंट दिली, मग 2024 मध्ये 15 पेशंटचा रिपोर्ट आला, त्यात 8 लुपसचे, बाकी मायोसायटिस (स्नायूंचा) आणि स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होते तो) या तशाच आजारांचे, आणि सगळ्यांचीच इम्युनिटी दाबणारी औषधं बंद झाली, स्टेरॉइडसकट! आपण स्टेरॉइडची 5 मिलिग्रॅमची गोळी अडीचवर आणायला वर्ष वर्ष झगडतो हो, मी ते वाक्य तीनदा वाचलं.

करतात काय, तर पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी (इम्युनिटीच्या लढाऊ पेशी) काढून लॅबमध्ये त्यात एक जीन घालतात, मग त्या बी पेशी हुडकून मारतात, कारण आपल्याच अंगावर उठणाऱ्या अँटीबॉडी त्या बी पेशींच्या घरातूनच येतात. साधारण चार महिन्यांनी बी पेशी परत येतात पण कोऱ्या, जुनं वैर विसरलेल्या. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

पण 15 म्हणजे 15च, आणि त्यांच्यावर तेव्हा साधारण सव्वा वर्षच लक्ष ठेवलेलं, त्यामुळे "कायमचा" हा शब्द आत्ता कोणी वापरू नये. 11 जणांना नंतर ताप वगैरे रिअॅक्शन आली, बहुतेक सौम्य. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार19 ही कार-टी आपल्याकडे 2023 ला मंजूर झाली खरी, पण ती ब्लड कॅन्सरसाठी, लुपससाठी नाही. म्हणून लुपससाठी ट्रायलमधूनच जा, सीटीआरआयच्या (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर शोधा, रुमॅटॉलॉजिस्टना (लुपससारख्या आजारांच्या डॉक्टरांना) विचारा, आणि कोणी लाखो रुपये घेऊन गॅरंटी देत असेल तर प्लीज एक पैसा देऊ नका. तोवर स्टेरॉइड आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लुपसची नेहमीची गोळी) मनाने बंद करू देऊ नका, माझा सगळ्यात वाईट फ्लेअर (आजार उसळणं) तसाच आला होता.

अजून एक, कार-टीच्या आधी थोडी किमो देतात, त्यात सायक्लोफॉस्फमाइड असतं आणि त्याने पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, तर तिच्या वयाला हे डॉक्टरांना आधीच विचारा, आणि विचारताना तिला सोबत घ्या.