जरबेरा आणि निशिगंध दोन दिवसांत माना टाकतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत बाजारातून आणलेले जरबेरा आणि निशिगंध दोन दिवसांत माना टाकतात, आणि पाण्यात साखर, अ‍ॅस्पिरिन, तांब्याचं नाणं, सगळं घालून झालं. आमचं साताऱ्याजवळ जरबेराचं पॉलिहाऊस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुलं पाण्यात उभी असूनही तहानेनं सुकतात. देठातल्या बारीक नळ्या तुंबलेल्या असतात. कापलेल्या जागी हवा शिरते, आणि शिळ्या पाण्यात वाढलेले जिवाणू नळ्यांची तोंडं चिकट थरानं बंद करतात. नुसती साखर घातली की आधी हे जिवाणूच पोसले जातात. नाणं आणि अ‍ॅस्पिरिन यांच्यावर भरवसा ठेवू नका.

सगळ्यात आधी फुलदाणी जेवणाच्या ताटासारखी घासून घ्या, आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागता कामा नये. घरी आल्यावर देठ बादलीतल्या पाण्यात बुडवूनच, खालून दोन-तीन सेंटिमीटर, धारदार सुरीनं किंवा सिकेटरनं (फांद्या छाटायच्या कात्रीनं) तिरका कापा. बोथट कात्रीनं नळ्या चेपतात. पाण्याच्या रेषेखाली एकही पान ठेवू नका. पाणी रोज बदला, आणि एक दिवसाआड देठाचा थोडा तुकडा परत कापा.

जरबेराचं थोडं वेगळं आहे. आम्ही तो कापत नाही, बुडापासून पिळून ओढून काढतो, त्यामुळे देठाच्या टोकाला कठीण बूड राहतं. त्यातून पाणी नीट चढत नाही. तुम्ही आणलेल्या फुलांना ते असेल तर आधी तेवढं कापून टाका. देठ मऊ आणि लवदार असल्यानं खोल पाण्यात लवकर कुजतो, म्हणून फुलदाणीत चार-पाच बोटं पाणी बस्स. साखर नकोच. लिटरभर पाण्यात साध्या द्रव ब्लीचचे चार-पाच थेंब पुरतात. मान टाकलेली फुलं लगेच फेकू नका. देठ परत कापा, सगळी जुडी वर्तमानपत्रात घट्ट आणि सरळ गुंडाळा आणि दोन-तीन तास खोल पाण्यात सावलीत उभी करा. देठ कुजलेला नसेल तर बऱ्याच माना ताठ होतात. मग परत कमी पाण्यात ठेवा.

निशिगंधाला मात्र साखरेचा उपयोग होतो, कारण दांड्यावरच्या कळ्या खालून वर उमलत जातात आणि त्यांना ताकद लागते. 1 लिटर पाण्याला 1 मोठा चमचा साखर, 2 मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव चहाचा चमचा ब्लीच. लिंबू आणि ब्लीच थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आधी लिटरभर पाण्यात ब्लीच विरघळवा, साखर आणि लिंबू नंतर. खालची सुकलेली फुलं खुडत राहा. गुलाबालाही हेच पाणी चालतं.

मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा खिडकीतलं ऊन आणि पंख्याचा झोत दोन्ही टाळा. रात्री फुलदाणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात न्या. आणि आंब्याची अढी घातलेल्या खोलीत फुलं ठेवूच नका. पिकणाऱ्या आंब्या-केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो, कार्नेशनच्या पाकळ्या तर त्यानं आत वळून मिटतात. फ्रिजचं म्हणाल तर गुलाब, निशिगंध एखादी रात्र चालतील, पण अँथुरियम आणि ऑर्किड थंडीनं काळे पडतात.

मोगऱ्याच्या गजऱ्याला पाण्यात बुडवू नका. ओल्या मलमलीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फळांपासून लांब.