'सिन्स २००३' आलं की 'आयएनजी' हवाच का?

प्रश्न : मी चिपळूणच्या एका पतसंस्थेत २००३ पासून नोकरीला आहे. मुलाला भेटायला कॅनडाला जायचं म्हणून व्हिसाच्या अर्जासोबत पत्र लिहिलं. त्यात 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २००३' असं वाक्य आहे. सून म्हणते, हे चूक. मुलगा म्हणतो, इतकी वर्षं चाललंय म्हणजे आयएनजी हवाच, फक्त 'ॲम' बदला. नेमकं काय लिहू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे आणि चिरंजीवांचं निम्मं. 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २००३' असं लिहा. 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २००३' हेही तितकंच शुद्ध. 'वर्क' आणि 'लिव्ह' या दोन क्रियापदांना दोन्ही रूपं चालतात, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही.

पण मुलाने दिलेलं कारण मला पटत नाही. वर्षं जास्त म्हणून आयएनजी, असा नियम नाही. उलट काळ लांबत गेला की आयएनजी गळून पडण्याकडेच इंग्रजीचा कल असतो. मालवणचं उदाहरण घ्या. धक्क्यावर होडीची वाट बघत एक गृहस्थ अर्धा तास उभे आहेत. त्यांच्याबद्दल 'ही हॅज बीन स्टँडिंग देअर फॉर हाफ ॲन अवर' म्हणायचं. समोर सिंधुदुर्ग उभा आहे, १६६७ पासून, भर समुद्रात. त्याला मात्र 'सिंधुदुर्ग हॅज स्टूड इन द सी फॉर मोअर दॅन थ्री हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स'. दोन्हीकडे उभंच राहायचंय, पण होडी आली की गृहस्थ हलणार आणि किल्ला हलणार नाही. जे तात्पुरतं, हलतं, बदलू शकतं, त्याला आयएनजी शोभतं. कायमचं ठाण मांडून बसलेल्याला त्याची गरज नसते.

आता 'ॲम' का चुकतं ते. आपण मराठीत सरळ 'मी २००३ पासून इथे काम करतो' म्हणतो. साधा वर्तमानकाळ, विषय संपला. मागची सगळी वर्षं तो 'पासून' ओढून आणतो. इंग्रजीत ते ओझं क्रियापदावर टाकावं लागतं, म्हणून 'हॅव' येतं. यात मराठीचं काही वाकडं नाही. जर्मन आणि फ्रेंच लोकही 'पासून'च्या जोडीला वर्तमानकाळच वापरतात, इंग्रजीच जरा तऱ्हेवाईक आहे. 'ॲम वर्किंग सिन्स' भारतभर चालतं, सगळ्यांना कळतं. कचेरीतल्या चिठ्ठीत कोणी लिहिलं तर मी लाल पेन काढणार नाही. परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर जाणाऱ्या कागदात मात्र नको.

आणि हो, त्याच पत्रात पत्त्याजवळ 'आय ॲम लिव्हिंग इन चिपळूण' असं लिहिलं असेल तर तेही बदला. त्याचा अर्थ 'सध्या चिपळुणात मुक्काम आहे' असा होतो. तुम्हाला तर दाखवायचंय की घरदार इथे आहे, मुलाला भेटून परत येणार. तिथे साधं 'आय लिव्ह इन चिपळूण' हवं.

प्रश्न : वडील एसटीतून निवृत्त झाले. निरोप समारंभात वाचायला त्यांचा इंग्रजी परिचय लिहिलाय : 'ही वॉज वर्किंग इन एसटी फॉर थर्टी टू इयर्स.' ठीक आहे ना?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ठीक नाही. नोकरी पूर्ण झाली, वर्षं मोजून झाली, हिशेब मिटला. अशा वेळी साधा भूतकाळ : 'ही वर्क्ड फॉर एसटी फॉर थर्टी टू इयर्स.' 'वॉज वर्किंग' म्हटलं की ऐकणारा थांबतो : काम करत होते, मग काय झालं? त्या रूपाला पुढे एखादी घटना लागते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ते सांगली आगारात काम करत होते, असं सांगायचं असेल तर 'ही वॉज वर्किंग ॲट द सांगली डेपो व्हेन द लॉकडाऊन बिगॅन'. तोवर तिथे बारा वर्षं झाली होती हेही सांगायचं असेल तर 'ही हॅड बीन वर्किंग देअर फॉर ट्वेल्व्ह इयर्स'. पण निरोपाच्या परिचयात कशाला एवढं? साधा भूतकाळ लिहा आणि हारतुऱ्यांचं बघा.

प्रश्न : 'आय हॅव बीन नोइंग हिम सिन्स चाइल्डहूड' यात चूक काय? ओळख तर अजून चालूच आहे!
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मराठीत म्हणून बघ. 'मी त्याला लहानपणापासून ओळखते' म्हणतेस. 'ओळखत आलेय' किंवा 'ओळखत आहे' म्हणतेस का? कानालाच खटकतं. 'नो', 'ओन', 'बिलाँग' ही क्रियापदं स्थिती सांगतात, हालचाल सांगत नाहीत, म्हणून 'आय हॅव नोन हिम सिन्स चाइल्डहूड'. पण ही यादी घोकून पाठ करू नकोस. 'मीन' म्हणजे अर्थ असणे, त्याला आयएनजी लागत नाही. तरी 'आय हॅव बीन मीनिंग टु कॉल यू' हे अगदी रोजचं इंग्रजी आहे : कधीची फोन करीन करीन म्हणतेय, राहून जातंय.

प्रश्न : आमच्या भागातल्या मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इंग्रजी दैनिकाला पत्र लिहायचंय. 'द रोड इज बीइंग बिल्ट सिन्स लास्ट सो मेनी इयर्स' बरोबर का?
— एक वाचक, माणगाव

उत्तर : दोन दुरुस्त्या. 'सिन्स'पुढे सुरुवातीचा क्षण येतो, कालावधी नाही. कालावधीला 'फॉर'. तुमच्याकडच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा 'सिन्स २०११' लिहा. ते 'लास्ट सो मेनी इयर्स'पेक्षा जास्त टोचतंसुद्धा.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. नियमाने 'हॅज बीन बीइंग बिल्ट' असं रूप होतं, पण ते तोंडात अडकतं. इंग्रज स्वतःच ते टाळतात. त्याऐवजी 'द रोड हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन सिन्स २०११' किंवा 'द वर्क हॅज बीन गोइंग ऑन सिन्स २०११'. तुमच्या पत्राला मी यातलं दुसरं वाक्यच सुचवेन. इथे वर्षं कितीही झाली तरी 'गोइंग ऑन'मधलं आयएनजी ठेवायचं. हे काम कायमचंच असं चालणार, हे तुम्हाला मान्य नाही, म्हणून तर पत्र लिहिताय.