पट्टा कुणाच्या कमरेला?

युक्रेनचा बॉक्सर ओलेक्झांडर उसिक यानं 18 मे 2024 ला रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवून हेवीवेट या सर्वांत वजनदार गटाच्या जगज्जेतेपदाचे चारही पट्टे एकत्र केले, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक त्या 'चार' या आकड्यावरूनच. आपल्याकडच्या वाचकाला जोड, मैदान, गदा हे समजावून सांगावं लागत नाही. बॉक्सिंगचा पट्टा मात्र भल्याभल्यांना चकवतो. काही प्रश्न घेतो.

एका वजनात जगज्जेता एकच असायला हवा. मग चार कसे? (विटा)

हवा एकच, पण पट्टा देणाऱ्या संघटना चार आहेत आणि त्यांना जगानं मिळून नेमलेलं नाही. ज्यानं त्यानं आपापली स्थापना केली. तुम्ही तर कुस्तीच्या मुलखातले, तुम्हाला हे नवं वाटू नये. 2025 या एकाच सालात दोन वेगळ्या संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या, एक अहिल्यानगरला, दुसरी कर्जतला. गदाही दोघांना मिळाली. खरा केसरी कोण, यावर पारावर अजून वाद चालतो.

बॉक्सिंगमध्ये हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे. 1920 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं बॉक्सिंगला कायदेशीर चौकट दिली आणि आपलं कमिशन नेमलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या इतर राज्यांनी मिळून नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन काढली. तेव्हापासून न्यूयॉर्कचा विजेता एक आणि बाकीच्यांचा दुसरा, असं अधूनमधून होऊ लागलं. याच असोसिएशननं 1962 मध्ये नाव बदललं, ती आजची डब्ल्यूबीए. 1963 मध्ये मेक्सिको सिटीत डब्ल्यूबीसी उभी राहिली, 1983 मध्ये आयबीएफ आणि 1988 मध्ये डब्ल्यूबीओ. याच त्या चार संघटना.

प्रत्येक किताबी लढतीमागे संघटना बॉक्सरच्या बिदागीतून ठरावीक टक्के कापून घेते. पट्टे जितके जास्त तितक्या किताबी लढती जास्त, आणि पैसे कापणारे हातही जास्त. एके काळी वजनगट आठच होते, म्हणजे जगात विजेते आठ. आता गट सतरा धरले आणि प्रत्येकात चार पट्टे, तर अडुसष्ट झाले. त्यात 'सुपर', 'रेग्युलर', 'अंतरिम' अशी पिल्लं धरलेली नाहीत. ती मोजायला मी बसत नाही.

उसिकचे चार पट्टेही एकत्र फार टिकले नाहीत. आयबीएफला आपला आव्हानवीर पुढे करायचा होता आणि उसिकला फ्युरीशी परतीची लढत खेळायची होती. पुढच्याच महिन्यात त्यानं आयबीएफचा पट्टा सोडला. जुलै 2025 मध्ये तेव्हाचा आयबीएफ विजेता डॅनियल डुबॉइस याला हरवून तो परत मिळवला.

संघटनाच नव्हत्या तेव्हा जगज्जेता कोण ठरवायचं? (कऱ्हाडचा विद्यार्थी)

लोक, वर्तमानपत्रं आणि पैजेचे पैसे लावणारे. जॉन एल. सलिव्हनला अमेरिका विजेता मानत होती, पण 'पोलीस गॅझेट' या साप्ताहिकाचा मालक रिचर्ड फॉक्स याच्याशी त्याचं वाकडं. फॉक्सनं आपला पट्टा जेक किलरेन या दुसऱ्याच बॉक्सरला देऊन टाकला. मग बोस्टनच्या चाहत्यांनी 1887 मध्ये सलिव्हनसाठी हिरेजडित पट्टा करवून घेतला. शेवटी 1889 मध्ये मिसिसिपीतल्या रिचबर्गला दोघं उघड्या मुठींनी लढले. पंचाहत्तर फेऱ्या झाल्या, किलरेन पुढे उभा राहिला नाही आणि फॉक्सचा पट्टा कुणी विचारेना.

1892 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जेम्स कॉर्बेटनं हातमोजे घालून सलिव्हनला पाडलं, तेव्हा जगज्जेतेपद आपोआप त्याच्याकडे गेलं. आपण म्हणतो ना, अमक्याला चितपट करणारा पैलवान. तोच हिशेब. विजेत्याला हरवणारा तो विजेता.

या हिशेबाला एक भोक आहे. विजेता न हरताच लंगोट खुंटीला टांगून बसला तर? जेम्स जेफ्रीजनं 1905 मध्ये तेच केलं. मग रेनो शहरात मार्विन हार्ट आणि जॅक रूट यांची जोड लावली आणि पंच म्हणून खुद्द जेफ्रीजला उभं केलं. जिंकणारा हार्ट विजेता. पण लोकांनी त्याला मनापासून कधीच मानलं नाही. पुढे टॉमी बर्न्सनं हार्टला आणि 1908 मध्ये सिडनीत जॅक जॉन्सननं बर्न्सला हरवलं. काळा माणूस जगज्जेता झालेला गोऱ्या अमेरिकेला सोसेना, म्हणून जेफ्रीजला शेतीवरून उठवून आणलं. 4 जुलै 1910 ला, पुन्हा रेनोतच, जॉन्सननं त्यालाही लोळवलं. त्यानंतर खरा विजेता कोण हे विचारायची सोयच उरली नाही.

मुहंमद अलीचा किताब काढून घेतला होता म्हणे. न हरता किताब जातो कसा? (मिरजेचे निवृत्त शिक्षक)

सर, एकदा नाही, दोनदा काढला. पहिल्यांदा 1964 मध्ये. सोनी लिस्टनशी परतीच्या लढतीचा करार केला, तो नियमात बसत नाही म्हणून डब्ल्यूबीएनं मान्यता काढली आणि पुढे एर्नी टेरेलला विजेता ठरवलं. अलीनं फेब्रुवारी 1967 मध्ये त्याला हरवून ते निस्तरलं.

दुसरी वेळ वाईट होती. 28 एप्रिल 1967 ला अलीनं सैन्यभरतीला नकार दिला. खटला उभा राहण्याआधीच न्यूयॉर्क कमिशन आणि डब्ल्यूबीए यांनी किताब काढला, परवानाही गेला. माणूस ऐन भरात असताना साडेतीन वर्षं रिंगबाहेर. इकडे रिकाम्या गादीवर दोघं बसले, न्यूयॉर्कतर्फे जो फ्रेझर आणि डब्ल्यूबीएतर्फे जिमी एलिस. फ्रेझरनं 1970 मध्ये एलिसला हरवलं. कागदोपत्री तो एकटा विजेता झाला, पण अली अजून हरला नव्हता ना! म्हणून या दोघांची 8 मार्च 1971 ची न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली लढत एवढी गाजली. फ्रेझर जिंकला आणि तेव्हा कुठे त्याच्याबद्दलची शंका फिटली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भरती नाकारल्याबद्दलची अलीची शिक्षा रद्द केली. किताब काही न्यायालयानं परत दिला नाही. तो त्याला 1974 मध्ये किन्शासात तेव्हाच्या विजेत्या जॉर्ज फोरमनकडून हिसकावून घ्यावा लागला.

याच्या उलट टोक बघायचं तर केन नॉर्टन. 1978 मध्ये अलीला हरवणाऱ्या लिऑन स्पिंक्सचा पट्टा डब्ल्यूबीसीनं काढला आणि नॉर्टनच्या कमरेला बांधला. नॉर्टन किताबासाठी तीनदा लढला, फोरमन, अली आणि लॅरी होम्सशी, आणि तिन्ही वेळा हरला. तरी यादीत तो जगज्जेता आहे. बॉक्सर म्हणून तो फार मोठा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण माझा हिशेब अजून त्या उघड्या मुठींच्या काळातलाच आहे.

लढत बरोबरीत सुटली तर? (तासगाव)

पट्टा जुन्या विजेत्याकडेच राहतो. आव्हान देणाऱ्यानं जिंकून दाखवावं लागतं.

माझी मुलगी साताऱ्यात बॉक्सिंगचा सराव करते. मेरी कोमचं जगज्जेतेपद याच पट्ट्यांपैकी का? आणि विजेंदर सिंगचा किताब?

नाही ताई, ते वेगळं. मेरी कोमची सहा सुवर्णपदकं हौशी बॉक्सिंगच्या जागतिक स्पर्धेतली. तिथे सोडत काढून जोड्या लावतात, एकेक फेरी जिंकत अंतिम सामना गाठावा लागतो आणि पुढच्या स्पर्धेत पाटी कोरी. व्यावसायिक पट्टा म्हणजे आव्हानाची कुस्ती: तुम्हाला कुणी हरवेपर्यंत तो तुमचा.

भांडणं मात्र तिथेही आहेत. कारभार आणि पैशाच्या गोंधळावरून ऑलिम्पिक समितीनं 2023 मध्ये हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेची मान्यता काढली. 2025 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता मिळाली. मुलीचं प्रमाणपत्र घेताना स्पर्धा कुणाची आहे, तेवढं विचारून घ्या.

विजेंदर सिंगचं विचारलंत तेही सांगतो. 2016 मध्ये दिल्लीत त्यानं जिंकला तो डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब. प्रादेशिक, जगाचा नव्हे. पेपरांनी मथळे जरा फुगवले होते.

हरल्यावर पट्टा परत द्यावा लागतो का? (पलूस)

ते पट्ट्यावर अवलंबून. ब्रिटनच्या विजेत्याला मिळणारा लॉन्सडेल पट्टा 1909 पासून आहे. एका वजनात ठरावीक वेळा जिंकलात की तो कायमचा तुमचा. हेन्री कूपरनं असे तीन कमावले. टाकून देणाराही एक होऊन गेला. डिसेंबर 1992 मध्ये लेनॉक्स लुईसशी लढायचं टाळून तेव्हाचा विजेता रिडिक बो यानं लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. किताब लुईसला न लढता मिळाला. मध्ये त्यानं तो एकदा गमावलाही. निर्विवाद विजेता म्हणवून घ्यायला त्याला नोव्हेंबर 1999 मध्ये इव्हॅन्डर होलीफिल्डला हरवेपर्यंत थांबावं लागलं.