कायद्याची पदवी नसेल तर नोटरी व्हावं की पॅरालीगल?

तुम्ही विचारलंय की हातात पदवी आहे पण कायद्याची नाही, तर नोटरी (सह्या आणि दस्त प्रमाणित करणारा) आणि पॅरालीगल (वकिलाच्या देखरेखीखाली कायद्याचं काम करणारा मदतनीस) यांपैकी कशात करिअर करावं. थोडक्यात उत्तर: पॅरालीगल. नोटरीपद जमलं तर जोडीला घ्यावं, त्याच्या भरवशावर घर चालवायचा विचार करू नये.

मात्र आधी कुठे काम करणार ते ठरवा, कारण ‘नोटरी’ या शब्दाचा अर्थच देशागणिक बदलतो. भारतात नोटरी कायदा १९५२ चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे वकिलीची किमान १० वर्षं लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय वकिलांना ७ वर्षं पुरतात. म्हणजे सनद नसेल तर इथला विषय संपला. फ्रान्समध्ये नोटरीची नेमणूक न्यायमंत्री करतात आणि घराची खरेदी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. तिथे तो वर्षानुवर्षं शिकून मिळवलेला स्वतंत्र कायदेशीर पेशा आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मात्र सज्ञान, गुन्ह्याची नोंद नसलेला माणूस अर्ज आणि शुल्क भरून नोटरी होतो. कॅलिफोर्नियात ६ तासांचा अभ्यासक्रम, परीक्षा, १५,००० डॉलरचा बाँड (नुकसानभरपाईची हमी) आणि ४ वर्षांची मुदत. (लुइझियाना अपवाद: परीक्षा अवघड, पण नेमणूक तहहयात.)

त्या बाँडबद्दल जवळजवळ सगळ्यांचा गैरसमज असतो. तो तुमचा विमा नाही. तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर बाँड कंपनी त्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. स्वतःच्या बचावासाठी चुकांचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

कमाईचा हिशोब करा. कॅलिफोर्नियात एका सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. दिवसाला चार-पाच सह्या मिळाल्या तरी त्यात फारसं काही उरत नाही. बरे पैसे कर्जदाराच्या घरी जाऊन गृहकर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यावर त्याच्या सह्या घेऊन येण्यात असतात, पण व्याजदर चढले की जुनी कर्जं बदलून घेणारे थांबतात आणि हे काम आटतं.

अमेरिकेतल्या नोटरीचं काम दिसतं सोपं, आणि म्हणूनच त्यात चुका होतात. नोटरीच्या प्रमाणपत्राचे मुख्य प्रकार दोन. ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट’मध्ये माणूस समोर येऊन ‘ही सही माझीच’ असं कबूल करतो. सही आधी झालेली असली तरी सहसा चालते. ‘ज्युरॅट’मध्ये मात्र शपथ घेऊन सही तुमच्या डोळ्यांदेखतच व्हायला हवी. कागदावर यांपैकी काहीच छापलेलं नसेल तर कोणतं लावायचं हे नोटरीने ठरवायचं नसतं. तो कायदेशीर सल्ला झाला. प्रमाणपत्रात ठिकाण लिहायचं ते सही झाली तिथलं, कागद तयार झाला तिथलं नव्हे. शिक्का मजकुरावर पडला किंवा पुसट उमटला तर दस्त नोंदणीतून परत येतो. रिकाम्या जागा सोडलेल्या कागदाला हात लावू नये. मुखत्यारपत्र किंवा मालमत्तेचा दस्त असेल तर कॅलिफोर्नियात नोंदवहीत अंगठ्याचा ठसाही घ्यावा लागतो. भविष्यात भांडण झालं तर तुमच्या बाजूने बोलणारी तीच एक वही असते.

आता दोन्ही कामं जिथे एकत्र येतात तिथला खरा धोका. वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून लागलात आणि नोटरीचा शिक्काही तुमच्याकडे असला, की कधी ना कधी साहेब म्हणतात, ‘नेहमीचे अशील आहेत, सही ओळखीची आहे, शिक्का मारून टाका.’ माणूस समोर नाही तर शिक्का नाही. ऑनलाइन नोटरीला परवानगी असलेल्या राज्यांतही व्हिडिओवर माणूस प्रत्यक्ष दिसावाच लागतो. अशा शिक्क्याने नोटरीपद जातं, दंड होतो, कधी फौजदारी प्रकरण उभं राहतं, आणि नाव साहेबांचं नाही, तुमचं असतं.

पॅरालीगलचं काम यापेक्षा खूप मोठं आहे: कागदपत्रं जमवून क्रमांक घालणं, मसुदे, मुदतींची नोंद, मसुद्यात दिलेल्या निवाड्यांच्या संदर्भांची तपासणी. सगळ्यात महाग पडते ती मुदतीची चूक. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत ज्या दिवशी घटना घडली तो दिवस मोजत नाहीत, शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून तारीख लिहिताना शेजारी नियमाचा क्रमांक लिहावा आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्यावी. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढणं. मजकूर खाली तसाच राहतो, कुणीही कॉपी करून वाचू शकतो. तो काढून टाकणारी सोय वापरावी. आणि एआयने दिलेला निवाडा मुळातून वाचल्याशिवाय मसुद्यात घालू नये. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता.

शिरकाव कसा करायचा? इंग्लंडमध्ये ‘पॅरालीगल’ म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. कॅनडातल्या ओंटारियोत लागतो, पण त्या बदल्यात लहान दाव्यांच्या न्यायालयात स्वतः उभं राहता येतं. अमेरिकेत आधीची पदवी असेल तर छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरतो. तो निवडताना अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता बघा, मोठी ऑफिसं तीच बघतात. भारतात विधी सेवा प्राधिकरणाचे ‘पॅरालीगल व्हॉलंटियर’ असतात, ते मानधनावरचं सेवाकार्य आहे. अनुभव चांगला मिळतो, पण त्याला नोकरी समजू नका.

मुलाखतीला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: माझं काम बाहेर जाण्याआधी कोणता वकील तपासेल? ‘तशी गरज पडत नाही’ असं उत्तर आलं तर ती नोकरी घेऊ नका. तिथे तुमच्याकडून विनापरवाना वकिली करून घेतली जाणार आहे.