जुन्या रंधा मशीनचे व्हाइट मेटल झिजले असेल, तर बॉल बेअरिंग बसवून घ्यावे का?

बंद पडलेल्या वखारीतून आपण पट्ट्यावर चालणारे जुने बिडाचे रंधा मशीन घेतले आहे, त्याचा शाफ्ट हाताने वरखाली हलतो, रंधलेल्या फळीवर लाटा उमटतात आणि फिटर म्हणतो की व्हाइट मेटल, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो तो बेअरिंगमधला मऊ धातूचा थर, काढून बॉल बेअरिंग बसवा, असे आपण लिहिले आहे. माझे मत असे की तूर्त तसे करू नये. बॉल बेअरिंगसाठी मशीनच्या मूळ अंगातली बैठक बोअर करावी लागते, आणि ते काम जरा जरी तिरके झाले तरी कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता ठोकळा, टेबलाला समांतर राहत नाही. कापलेले बीड परत लावता येत नाही. व्हाइट मेटल मात्र वितळवून पुन्हा ओतता येते, कारण झिजायचे ते त्याने झिजावे आणि शाफ्ट वाचावा याच हेतूने ते तिथे घातलेले असते.

आधी पट्टा उतरवून बेअरिंगच्या टोप्या उघडाव्यात. बहुतेक जुन्या मशीनमध्ये टोपी आणि खालची बैठक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना पितळी पत्र्याच्या किंवा कागदाच्या पातळ शिम असतात. झीज होईल तसतशी एकेक काढून टोपी खाली घ्यावी, अशी ती सोय असते, आणि पुष्कळदा मशीन विकले जाईपर्यंत त्यांना कोणी हात लावलेला नसतो. शाफ्टवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे घड्याळी माप) लावावा, लाकडी तरफेने शाफ्ट उचलून पाहावा आणि दोन्ही बाजूंची सारख्या जाडीची शिम काढत जावे. शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड इंची शाफ्टला दीड ते दोन थाउ एवढी फट राहिली, धातूला तडे नसले आणि शाफ्ट मायक्रोमीटरने गोल भरला, तर बेअरिंगचे काम तिथेच संपले. फळीवरच्या लाटांचे कारण मात्र वेगळेही असू शकते: एकच पाते उंच बसलेले असले तरी तशाच लाटा येतात, म्हणून पात्यांची उंचीही त्याच वेळी मोजून घ्यावी.

मशीन उघडले असताना कटर ब्लॉक चौकोनी आहे की गोल, हेही पाहावे. चौकोनी असेल तर बाकी मशीन कितीही देखणे असले तरी तो पुन्हा चालवू नये, कारण त्याच्या सपाट बाजू आणि टेबलाची कड यांच्यामध्ये बोट खोलवर ओढले जाण्याइतकी जागा उरते. शाफ्टसह नवा गोल ब्लॉक बनवून घेण्याचा खर्च टाळण्यासारखा नाही. बेअरिंग नव्याने ओतायचे असेल तर ते या नव्या शाफ्टच्याच मापाने ओतावे.

धातूला तडे गेले असतील, तो बैठकीतून सुटला असेल किंवा शिम संपूनही शाफ्ट हलत असेल, तरच नवे ओतकाम करावे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने 1839 मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले, म्हणून या धातूला बॅबिटही म्हणतात. वेगाने फिरणाऱ्या शाफ्टसाठी कथिलाचा मिश्रधातू घ्यावा. 89 टक्के कथील, 7.5 टक्के अँटिमनी आणि 3.5 टक्के तांबे हे त्याचे एक प्रचलित प्रमाण आहे. तो सुमारे 240 अंश सेल्सियसला मऊ पडू लागतो, 355 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो आणि 425 अंशांच्या सुमारास ओततात. तापमापक नसेल तर कोरडी देवदाराची काडी बुडवावी. ती करपली पण पेटली नाही, तर उष्णता बरोबर आहे असे समजावे. भंगारातला अनोळखी धातू मिसळू नये, कारण त्यातल्या थोड्याशा जस्तानेही सगळा घाणा बिघडतो.

मशीनच्या शाफ्टऐवजी त्याच मापाचा घासलेला दांडा वापरणे बरे. त्याला काजळी धरवावी, म्हणजे धातू चिकटत नाही. तो टेबलाला समांतर टेकवावा, बैठक आणि दांडा दोन्ही शंभर अंशांच्या थोडे वर तापवावेत, कडा न जळणाऱ्या पुट्टीने बंद कराव्यात आणि धातू पळीने चांगला ढवळून एकाच धारेत ओतावा, कारण मध्ये हात थांबला तर थर सुटा पडतो. पाण्याचा एक थेंब जरी खाली राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन वितळलेला धातू तोंडावर उडतो. त्यामुळे ओली चिकणमाती वापरू नये, चेहऱ्यावर ढाल आणि अंगात जाड सुती कपडे असावेत, आणि जुन्या धातूत शिसे असू शकते हे धरून काम उघड्यावर करावे. हे जमणार नाही असे वाटत असेल, तर साखर कारखान्यांच्या टर्बाइनची बेअरिंगे भरून देणाऱ्या कार्यशाळेत बैठक आणि शाफ्ट दोन्ही घेऊन जावे. केवळ माप देऊन काम टाकू नये.

ओतल्यावर खरा वेळ स्क्रॅपिंगला लागतो. शाफ्टला प्रशियन ब्लूचा अगदी पातळ हात द्यावा, तो बैठकीत फिरवावा आणि जिथे निळे डाग उमटतील तेवढेच खरवडावे; डाग सर्वत्र सारखे पसरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते. तेलाची खाच ज्या अर्ध्यावर भार येत नाही तिथे काढावी आणि ती कडेपर्यंत नेऊ नये, नाहीतर तेल बाहेर वाहून जाते. वंगण म्हणून ग्रीस न घालता आयएसओ 32 ते 68 ग्रेडचे पातळ मशीन तेल थेंबाथेंबाने द्यावे. पहिल्या दिवशी पाती न लावता मशीन थोडा वेळ चालवावे, बंद करून टोपीला हात लावून पाहावे. हात टिकत नसेल तर टोपीचे बोल्ट ढिले न करता शिमचा एक पातळ थर परत घालावा आणि तेल आत पोहोचते आहे का ते तपासावे.